कामाचा कंटाळा: दहा दिवसांची वही आणि त्यानंतरच्या पायऱ्या

गुजरातीत 'कंटाळो', मराठीत 'कंटाळा'. वडोदऱ्यात या एका शब्दासाठी आम्हाला भाषा बदलावी लागत नाही, शेवटचा स्वर बदलला की झालं. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या बा रिकामा माणूस दिसला की म्हणायच्या, 'नवरो बेठो नखोद वाळे', म्हणजे रिकामा बसलेला माणूस सत्यानाश करतो. लग्न होऊन या गावात आलेल्या माझ्या आईने कित्येक वर्षं त्याचा अर्थ 'नवरा घरी बसला की सत्यानाश' असाच धरला होता. बाबा रिटायर झाल्यावर तर तिला पुरावाच मिळाला.

मी स्वतः तेवीस वर्षं नोकरी केली, त्यातली पहिली अकरा एका रासायनिक कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, पॅनेलवर, शिफ्टमध्ये. हे काम बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड आहे. आठ तास पडद्यावरचे आकडे बघायचे, दर तासाला लॉगशीट भरायची आणि काहीही घडलं नाही तर शिफ्ट छान गेली म्हणायचं. एका रात्री, तिसरं वर्ष असेल, मी तीनची रीडिंग पडद्याकडे न बघता दोनच्या ओळीवरून उतरवली. चारचीही तशीच. एका टाकीची लेव्हल हळूहळू चढत होती. साडेचारला अलार्म वाजला तेव्हा माझ्या लॉगशीटवर ती जागच्या जागी उभी होती. फिल्डवरच्या माणसाने पळत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, थेंबभरही सांडलं नाही. सकाळी सही करताना शिफ्ट इनचार्जने लॉगशीट बघितली, अलार्मची यादी बघितली आणि एवढंच विचारलं, 'झोपला होतास?' झोपलो नव्हतो. टक्क जागा होतो. झोपलो होतो असं सांगणं सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी कंटाळ्याकडे पंपाच्या सीलसारखं बघायला लागलो. गळतंय हे सगळ्यांनाच दिसतं; कुठून गळतंय ते शोधल्याशिवाय नट आवळण्यात अर्थ नसतो. खालची पद्धत मी आधी स्वतःवर वापरली, पुढे नव्या मुलांना शिकवली, मग बँकेतल्या वहिनीवर, अलकापुरीत विम्याचे क्लेम तपासणाऱ्या भाचीवर आणि रावपुऱ्यात दुकान असलेल्या मित्रावर करून बघितली. मित्राला ती लागू पडली नाही. का, ते शेवटी येईल.

पायरी पहिली: दहा दिवस फक्त नोंद

खिशात मावेल अशी वही घ्या. मोबाईलमध्ये नोंद करू नका, कारण नोंद करायला उघडलेला मोबाईल नोंद करून बंद होत नाही. कामाच्या प्रत्येक तासाला एक ओळ लिहायची, अर्ध्या मिनिटाचं काम. ओळीत पाच गोष्टी: वेळ, त्या क्षणी काय करत होतो, कंटाळा शून्य ते पाचात किती, शरीराचं काय चाललंय आणि कंटाळा घालवायला मी काय केलं.

भाचीच्या वहीतल्या एका दिवसाच्या चार ओळी तिच्या परवानगीने देतो:

११.१० – क्लेम, पंधरावी फाइल – ४ – मान आखडली – इन्स्टा
१२.०५ – बिलात घोळ, हॉस्पिटलला फोन – ० – काही नाही – काही नाही
२.४० – क्लेम – ५ – डोळे जड – चहा
४.०० – मीटिंग – ५ – पाय हलवतेय – पेनाने वहीत घरं काढली

ती मला म्हणाली होती, 'मामा, मला क्लेमचाच कंटाळा आलाय, हे क्षेत्रच सोडते.' दहा दिवसांनी वही उघडली तर तिचे सगळे शून्य क्लेमच्याच कामात होते, पण घोळ असलेल्या क्लेममध्ये. जी फाइल बाकीचे टाळतात, तिच्यावर हिला वेळेचं भान राहत नव्हतं. कंटाळा होता तो सरळ, स्वच्छ, काही विचार न करता पुढे सरकवायच्या फाइलींचा. वही नसती तर तिने क्षेत्र बदललं असतं आणि नव्या क्षेत्रातही सरळ फाइलीच समोर आल्या असत्या.

या दहा दिवसांत काहीही सुधारायला जाऊ नका. चहा कमी करणं, लवकर झोपणं, असलं काही नको. मोजमाप चालू असताना व्हॉल्व्ह फिरवायचा नसतो. संध्याकाळी घरी येऊन आठवणीने भरायचं नाही. संध्याकाळच्या आठवणीत अख्खा दिवस पाचचाच असतो. आणि त्यात किमान एक सुट्टीचा दिवस यायला हवा, त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

अकराव्या दिवशी वाचायला बसाल तेव्हा आधी शून्य आणि एकच्या ओळींना गोल करा. लोक उलटं करतात, पाचच्या ओळी मोजून हळहळतात. तुमच्या कामात कुठे जीव आहे ते शून्यांत दिसतं. पाचांकडे नंतर वळा.

पायरी दुसरी: जो कंटाळा नाहीच, तो बाजूला काढा

पाचच्या ओळींपैकी बऱ्याच ओळी कंटाळ्याच्या नसतात. दुपारी दोन ते चार आणि नाइटला तीन ते पाच या वेळा शरीराच्या मंदीच्या आहेत. तिथे सलग पाच पाच दिसत असतील तर तो जेवणाचा आणि झोपेचा प्रश्न आहे. जेवण हलकं करा, जेवल्यावर दहा मिनिटं चाला, सुपारी-मावा तोंडात टाकून जागं राहायचा उद्योग सोडा. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

दुसरी फसवाफसवी जास्त अवघड आहे. काम समजत नसलं तरी मनाला तसाच कंटाळा येतो. आमच्याकडे आलेली डिप्लोमाची मुलं महिनाभरात 'बोअर काम आहे' म्हणायची. पी अँड आयडी ड्रॉइंग, म्हणजे प्लांटमधल्या पाइपलाइन आणि उपकरणांचा नकाशा, समोर ठेवून 'ही लाइन कुठून कुठे जाते, बोट फिरवून दाखव' म्हटलं की तिसऱ्या वळणावर बोट थांबायचं. समजत नाही हे कबूल करण्यापेक्षा बोअर होतंय म्हणणं सोयीचं असतं. तुमच्या पाचच्या ओळीतलं काम एखाद्या नवख्याला दहा मिनिटांत समजावून सांगून बघा. अडखळलात तर इलाज शिकण्याचा आहे.

तिसरी गोष्ट भांडणाची. एका विशिष्ट माणसाबरोबरच्या शिफ्टलाच कंटाळा येत असेल तर त्याचं नाव कंटाळा नाही.

आणि चौथी. सुट्टीच्या दिवशीही वहीत पाच दिसत असतील, आवडती माणसं, आवडतं जेवण, क्रिकेटची मॅच, कशातच चव उरली नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल, तर हा लेख इथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही फुकट हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे. उदासीला नोकरी बदलून उतार पडत नाही.

पायरी तिसरी: प्रकार ओळखा, मग इलाज करा

आता उरलेल्या पाचच्या ओळी खऱ्या कंटाळ्याच्या. मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या केली तिचा आशय असा की, माणसाला कशात तरी गुंतायचं असतं आणि गुंतता येत नाही, ती तगमग म्हणजे कंटाळा. आळशी माणसाला तगमग नसते. तुम्हाला कंटाळा येतोय म्हणजे गुंतायची इच्छा शिल्लक आहे. ती कुठे अडते त्यावरून मला चार प्रकार दिसले.

*नुसतं लक्ष ठेवायचं काम.* पॅनेल ऑपरेटर, सीसीटीव्हीसमोरचा माणूस, रात्रीचा सिक्युरिटी गार्ड, लाइनवर माल तपासणारा. काही घडू नये म्हणूनच याला बसवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांच्या नजरेतून पडद्यावरच्या खुणा निसटायच्या, म्हणून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. आकडे नसलेल्या एका तबकडीवर काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरकायचा, क्वचित एकदम दोन पावलं टाकायचा. ती दुहेरी उडी दिसली की बटण दाबायचं. दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या निसटायला लागल्या. अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती अशी आलटूनपालटून पाळी लावली तेव्हा मात्र नजर टिकली. हे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच वर्षीच्या आपल्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. ती अंगमेहनतीच्या हिशेबाने बरोबर असेल. नजर अर्ध्या तासातच थकते.

म्हणून अशा कामात पहिला इलाज अदलाबदलीचा. दोघं असाल तर दर अर्ध्या तासाने जागा बदला, एक पडद्यावर, एक कागदावर किंवा राउंडवर. शिफ्टमध्ये एकटेच असाल तर दुसरा इलाज, जो मला त्या रात्रीच्या फजितीनंतर एका जुन्या ऑपरेटरने शिकवला: रीडिंग बघण्याआधी अंदाज लिहायचा. लॉगशीटच्या बाजूला एक कोरा कागद ठेवा. तीन वाजले की पडद्याकडे न बघता लिहा, 'लेव्हल ५८, तापमान ११२.' मग बघा. चुकलात तर का चुकलात याचा विचार आपोआप सुरू होतो: फीड, म्हणजे आत येणारा माल, वाढलं होतं का, कूलिंग टॉवरचं पाणी गार आहे का, आधीच्या शिफ्टने काही उघडं ठेवलं का. तेच आकडे, तेच पॅनेल, पण आता तुम्ही पैज लावून बसलेले असता. वॉचमन हे गाड्यांवर करू शकतो, कॅशियर लांबच्या रांगेतल्या माणसाच्या कामावर करू शकतो.

तिसरा इलाज जपानी रेल्वेतला. तिथले कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने बोलतात. बघणं, बोट करणं, बोलणं आणि स्वतःचं बोलणं ऐकणं, चारही एका वेळी झाल्यावर मन दुसरीकडे जायला वाट राहत नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये मी हे सुरू केलं तेव्हा आठवडाभर सगळे हसले. रात्री तीन वाजता मोठ्याने 'पंप बी चालू, डिस्चार्ज प्रेशर साडेचार' म्हणणाऱ्या माणसाला हसणं बरोबरच आहे. मग हसणाऱ्यांपैकी दोघांनी ते उचललं.

*तेच ते, तेच ते.* इथे काम भरपूर असतं, मेंदूला त्यात जागा नसते. डेटा एंट्री, पॅकिंग, स्टँपिंग, सरळ क्लेम. हात चालू आणि मन मोकळं असलं की मनाला काहीतरी चारा द्यावा लागतो. क्यूबातल्या हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून यासाठी वाचक ठेवायची पद्धत सुरू झाली: शेकडो कामगार पानं वळतायत आणि उंच आसनावर बसलेला माणूस वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतोय. त्याचा पगार कामगार स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून द्यायचे. बीबीसीने १९४० मध्ये कारखान्यांसाठी रोज दोनदा अर्धा अर्धा तास संगीत लावायला सुरुवात केली. दिवसभर लावलं नाही, अर्धा तास. संगीतही सतत असलं की त्याची भिंत होते.

यातून आपल्यापुरता नियम असा काढता येतो. हातांचं काम असेल तर बोलकं ऐका: कीर्तन, कथा, समालोचन, मुलाखती. अक्षरांचं किंवा आकड्यांचं काम असेल तर शब्द नसलेलं ऐका, सतार किंवा बासरी. नवरात्रात आमच्या पॅकिंग सेक्शनला गरबा लावला की हात भराभर चालायचे आणि पोत्यांची मोजणी हमखास चुकायची. जिथे कान सुरक्षेसाठी मोकळे हवेत, मशीन, फोर्कलिफ्ट, रस्ता, तिथे हेडफोन अजिबात नको.

ऐकायची सोय नसेल तर कामाचा क्रम मोडा. भाचीने दिवसाच्या चाळीसेक फाइली आल्या तशा घेणं बंद केलं. सकाळी वीस सरळ फाइली घड्याळ लावून, एक घोळाची फाइल बक्षीस म्हणून, पुन्हा वीस. घड्याळात ती वेगापेक्षा चुका मोजते: वीस फाइलींत एकही परत आली नाही तर जिंकली. नुसता वेग मोजला असता तर पाट्या टाकायची सवय लागली असती.

मीटिंगमध्ये ती घरं काढत होती, ते तिने चालू ठेवावं असं मी सांगितलं. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये चाळीस लोकांना अडीच मिनिटांचा एक रटाळ फोन-निरोप ऐकवला. निम्म्यांना कागदावर आकार रंगवत ऐकायला सांगितलं होतं. रंगवणाऱ्यांच्या लक्षात २९ टक्के जास्त राहिलं. रेघोट्या मन खोलीत धरून ठेवतात. साहेब समोर असतील तर वही जरा तिरकी धरा.

*कामच नाही.* हा प्रकार बोलायला लाजिरवाणा. बाहेरचे म्हणतात, 'फुकट पगार, अजून काय पाहिजे?' रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं माणूस दिवसभर बिनकामाच्या फाइली उघडून बसतो, कामात असल्याचं नाटक करतो आणि त्या नाटकाने कामाहून जास्त थकतो. पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२० मध्ये एका कर्मचाऱ्याला वर्षानुवर्षं कामाविना ठेवणं हा मानसिक छळ मानला, म्हणजे हे दुखणं चैनीचं नाही.

इथे वहीतून रिकाम्या वेळेचा आकार काढा. रोज दहा-दहा मिनिटांचे तुकडे आहेत, की मंगळवार-बुधवार सलग तीन तास? तुकडे असतील तर त्यात बसणारं काम ठेवा: कपाटातली एक फाइल लावणं, एक जुना ईमेल संपवणं, एक्सेलचं एक सूत्र शिकणं. सलग वेळ असेल तर लिहिण्याचं काम घ्या. तुमच्या टेबलावरचं एखादं काम फक्त तुम्हालाच येतं ना? ते कसं करायचं ते पायरीपायरीने लिहून काढा, उद्या येणाऱ्या नव्या माणसासाठी. वहिनीने लॉकरच्या कामाची अशी चार पानं लिहिली. दोन महिन्यांत ती शाखेतल्या प्रत्येक नवीन माणसाला देण्यात आली आणि रिकाम्या दुपारी तिला शिकवायला बसवू लागले. नाटक संपलं.

*कशासाठी ते कळत नाही.* तुमच्या हातून गेलेली वस्तू पुढे कुठे जाते ते एकदा जाऊन बघा. मी सहा वर्षं जी पावडर बनवत होतो ती मी पोत्यात भरलेली कधी बघितलीच नव्हती. एका सुट्टीला डिस्पॅचवर गेलो, ड्रायव्हरशी बोललो, माल सुरतेकडे कापड रंगवायला जातो हे कळलं. त्यानंतर मंगळ बाजारातून जाताना टांगलेल्या साड्यांकडे मी जरा मालकीच्या नजरेने बघायचो, बायको हसायची. अमेरिकेत एमी झेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांविषयी २००१ मध्ये लिहिलंय. त्यातले काही जण रुग्ण बरा होण्यातला आपला वाटा ओळखून काम करत, स्वतःहून रुग्णांशी बोलत. कागदावर त्यांचं काम शेजारच्या माणसाएवढंच होतं.

पायरी चौथी: साहेबांशी बोलणं

आतापर्यंतचं सगळं परवानगीशिवाय करता येतं. याच्या पुढे दुसऱ्याची सही लागते आणि बरीच माणसं इथेच माघार घेतात किंवा रागात जाऊन सगळं बिघडवतात.

जाण्याआधी एक कागद तयार करा. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये माणसाला कामात धरून ठेवणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या: कामात वैविध्य, एखादं काम अथपासून इतिपर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कुणाला उपयोग असणं, ठरवायची थोडी मुभा आणि काम कसं झालं ते कळणं. वहीवरून यातली कुठली गोष्ट तुमच्याकडे सगळ्यात कमी आहे ते ठरवा. एकच. पाचही मागितल्यात तर साहेब वरच्या साहेबांकडे बोट दाखवतील.

सोमवारची सकाळ, महिनाअखेर आणि ऑडिटचा आठवडा टाळा. गुरुवारी चारच्या चहानंतर जा. आमच्या गावात बहुतेक साहेब गुजराती, मी गुजरातीतच सुरुवात करायचो: 'साहेब, पंदर मिनिट मळशे?' पंधरा मिनिटं मागितली की बसा म्हणतात, 'थोडं बोलायचंय' म्हटलं की राजीनामा आणलाय असं वाटून चेहरा उतरतो.

'कंटाळा' हा शब्द त्या खोलीत काढायचा नाही. साहेबांच्या कानाला तो 'काम करायचं नाही' असाच लागतो. भाचीबरोबर आम्ही हे संभाषण स्वयंपाकघरात तीनदा करून बघितलं, मी तिचा साहेब झालो. शेवटी ती जे बोलली ते असं:

'सर, गेल्या दहा दिवसांत मी फाइलींची नोंद ठेवली. घोळाच्या फाइली माझ्याकडून नीट निघतात, टीममध्ये त्या पडून राहतात. एक महिना त्या सगळ्या माझ्याकडे द्या, बदल्यात माझ्या सरळ फाइलींपैकी दहा बाकीच्यांकडे जाऊ देत. महिन्याने आकडे बघू. जमलं नाही तर पूर्वीसारखं.'

यात साहेबांची अडचण सुटते, मुदत आहे आणि परतीची वाट उघडी आहे. सर 'बघतो' म्हणाले. 'बघतो' म्हणजे नाही असं समजून ती रडवेली झाली होती. मी तिला आठ दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा पाठवलं, या वेळी पडून राहिलेल्या फाइलींचा आकडा घेऊन. तेव्हा हो म्हणाले. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत हो मिळत नाही. तिसऱ्या फेरीनंतरही 'बघतो'च असेल तर ते उत्तर समजा.

पायरी पाचवी: मोबाईल

प्लांटच्या धोक्याच्या भागात साधा मोबाईल न्यायला बंदी असते, ठिणगीच्या भीतीने. त्यामुळे आमच्या वेळी तो प्रश्नच आला नाही, आणि ऑफिसवाल्यांना हे सांगताना मला जरा मोठेपणा वाटतो हे मान्य. पण रिकाम्या बसलेल्या माणसाची अवस्था मला ठाऊक आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये टिमोथी विल्सन यांच्या गटाने लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, जवळ फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका. अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायकांपैकी सहा जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. मोबाईल त्या बटणाहून बराच मऊ आहे, एवढंच.

आणि तो कंटाळा घालवतही नाही. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांना २०२४ मध्ये असं आढळलं की एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहणाऱ्यांना एकच व्हिडिओ शांतपणे बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा येतो. तेव्हा बघायचंच असेल तर जेवणाच्या सुट्टीत एक गोष्ट निवडा आणि पूर्ण बघा. बाकी वेळ मोबाईल बॅगेत, बॅग कपाटात. खिशात ठेवून मनावर ताबा ठेवीन म्हणणाऱ्यांच्या वह्या मी बघितल्यात.

पायरी सहावी: कामाबाहेर एक ठरलेली संध्याकाळ

काही नोकऱ्या कितीही ढवळल्या तरी पातळच राहतात. तिथे आठवड्यातली एक संध्याकाळ, रविवार सोडून, एका कामासाठी बांधून घ्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून उभारलेली सेंट्रल लायब्ररी मांडवीजवळ आहे, तिथे मराठी पुस्तकं आहेत. माझा बुधवार तिथला होता. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी जायचो. दांडिया बाजारातल्या ज्या बंगल्यावरून मी शाळेत जायचो, तिथे राहणारे अरविंद घोष १८९३ मध्ये संस्थानच्या नोकरीत आले ते जमिनीच्या जमाबंदीच्या खात्यात. पुढे महसूल, मग सचिवालय, मग बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवणं. १९०६ पर्यंतच्या त्या नोकरीच्या वर्षांतच त्यांनी संस्कृत आणि बंगाली शिकून घेतलं. आपल्याला तेवढं झेपणार नाही. कमाटी बागेत चालणं, तबल्याचा क्लास, मुलांच्या शिकवण्या, काहीही चालेल, फक्त वार ठरलेला हवा आणि दुसरा एखादा माणूस वाट बघणारा हवा. वाट बघणारं कोणी नसलं की तिसऱ्या आठवड्यात ती संध्याकाळ सोफ्यावर जाते.

पायरी सातवी: सोडायचं का?

तीन महिने थांबा. त्या काळात वरचे किमान दोन बदल खरोखर करून बघा. मग पुन्हा दहा दिवस वही लिहा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवा. शून्य-एकच्या ओळी वाढल्या असतील तर थोडं अजून थांबा. एकही वाढली नसेल, साहेबांचं 'बघतो' तिसऱ्यांदा झालं असेल आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही ठणठणीत असाल, तर ती जागा तुमची नाही. बाहेर पडा, पण हिशेबाने: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, हातात दुसऱ्या ठिकाणचं पत्र, आणि कायम नोकरीची पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी तेवढे काढा. दिवाळीचा बोनस खात्यावर जमा होण्याआधी रागाने राजीनामा देणारे दोघं मला माहीत आहेत. दोघांनाही नंतर त्या रागाची किंमत रुपयांत सांगता यायची.

दुकानवाल्या मित्राचं राहिलं. त्याच्या वहीत दहाही दिवस सगळ्या ओळी पाचच्या होत्या आणि 'काय करत होतो' या रकान्यात प्रत्येक तासाला एकच गोष्ट, 'दाराकडे बघत होतो.' गिऱ्हाईक येत नव्हतं. धंदा बसत चालला होता आणि तो त्याला कंटाळा म्हणत होता. त्याला वही नको होती, सीए हवा होता. एकाकडे घेऊन गेलो.

माझी स्वतःची पहिली वही अजून आहे, कडा तेलकट झालेल्या. त्यात अंदाज लिहायला लागल्यानंतरच्या एका नाइटची ओळ अशी आहे: '३.०० – लेव्हल अंदाज ५८, निघाली ६३. फीड पंप बघून आलो.' कंटाळ्याचा रकाना त्या ओळीत भरायचा राहून गेलाय.